बेरोजगारीचे दर शेजारी ठेवण्यापूर्वी

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतला बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर गेला, जर्मनीतला चार टक्क्यांच्या आसपासच राहिला. कामं मात्र दोन्हीकडे थांबली होती. जर्मनीत कंपनी कामगाराला काढत नाही, तास कमी करते. बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग सरकारी रोजगार संस्था भरून देते, पदरी मूल असेल तर ६७ टक्के. त्या महिन्यात असे सुमारे ६० लाख लोक होते. करार चालू असल्यामुळे ते सगळे ‘कामावर’ धरले गेले. अमेरिकेत तात्पुरतं घरी बसवलेला माणूस दुसरं काम शोधत नसला तरी बेरोजगार मोजला जातो. त्यातही त्या महिन्यात बऱ्याच जणांची नोंद चुकून ‘कामावर, पण गैरहजर’ अशी झाली. ती दुरुस्त केली असती, तर दर जवळपास पाच टक्केबिंदूंनी वर गेला असता, असं तिथल्या कामगार सांख्यिकी विभागानेच सांगितलं.

म्हणून दराच्या आधी व्याख्या वाचा. आंतरराष्ट्रीय व्याख्येत बेरोजगार ठरायला तीन अटी लागतात: ठरलेल्या आठवड्यात एक तासही काम केलेलं नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं आहे आणि काम मिळालं तर करायची तयारी आहे. थकून शोध सोडला की माणूस श्रमशक्तीतूनच, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या एकूण संख्येतूनच, बाहेर पडतो आणि दर खाली येतो! मला हा सर्वांत मोठा धोका वाटतो.

स्पेनचा चढ मात्र व्याख्येतून आलेला नाही. तिथे २००७ मध्ये दर आठ टक्क्यांच्या घरात होता, २०१३ च्या सुरुवातीला तो २७ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. बांधकाम कोसळलं आणि मुदतीच्या करारावरचे कामगार आधी गेले. आणखी एक, उन्हाळी पर्यटनामुळे तिथला दर दरवर्षी उतरतो. त्यामुळे तिमाह्यांची तुलना करताना हंगामी चढउतार काढून टाकलेली मालिकाच घ्या.

आता भारत. श्रमशक्ती सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीनुसार, १५ वर्षांवरील लोकांसाठी, २०१७-१८ चा दर ६.० टक्के होता, २०२३-२४ चा ३.२. या मोजणीचा संदर्भकाळ वर्षभराचा असतो आणि त्यात तीसेक दिवसांचं दुय्यम कामही धरलं जातं. त्याच २०२३-२४ मध्ये आठवड्याच्या मोजणीने दर ४.९ येतो. परदेशी आकड्याशेजारी ठेवायचा तो हा. याच काळात स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. त्यांतल्या कितीतरी जणी घरच्या शेतावर, घरच्या दुकानात बिनपगारी राबतात आणि त्यांची गणना रोजगारात होते. तेव्हा तक्त्यात दराच्या शेजारी निदान तीन रकाने हवेतच: लोकसंख्येत काम करणाऱ्यांचं प्रमाण, आठवड्याचे सरासरी तास आणि बिनपगारी मदतनीसांचा वाटा.