घड्याळाची तार नसताना

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या दप्तरात आज आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड असेल, आणि प्रोग्रॅमच्या पहिल्या काही ओळींत ९६०० हा आकडा तुम्ही टाकला असेल. का टाकला, असं विचारलं तर उत्तर बहुधा 'सरांनी सांगितलं' असंच येईल. आज मी या एकाच आकड्याच्या मागे लागणार आहे.

एका उपकरणाला दुसऱ्याकडे एक अक्षर पाठवायचंय. अक्षर म्हणजे आठ बिट, म्हणजे आठ वेळा शून्य किंवा एक. सरळ मार्ग असा, की आठ तारा ओढा आणि आठही बिट एकदम सोडा. जुने प्रिंटर असेच चालायचे. त्यांची बोटभर जाड केबल काहींनी पाहिली असेल. वेग कमी असेपर्यंत हे छान चालतं. वेग वाढवला की आठ तारांवरचे बिट थोडे मागेपुढे पोचायला लागतात. लेझमीच्या पथकाचा ठेका वाढवला की रांग कशी विस्कटते, तसंच. हार्ड डिस्कची ती रुंद चपटी केबल सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत येऊन थांबली, आणि २००३ च्या सुमारास तिच्या जागी आलेल्या साटा नावाच्या बारीक केबलमध्ये जाणारी एक आणि येणारी एक अशा डेटाच्या दोनच जोड्या होत्या. सुरुवातीचाच वेग सेकंदाला दीड गिगाबिट. कमी तारा, जास्त वेग. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण हे असं आहे.

आता एकच तार आहे, बिट एकामागोमाग एक जाणार. मग नवा प्रश्न येतो. तार बराच वेळ शून्यावर राहिली, तर त्यात शून्य किती? तीन की चार? कुणीतरी वेळ मोजायलाच हवी. एक उपाय म्हणजे शेजारून घड्याळाची वेगळी तार न्यायची. मोटोरोलाचं एसपीआय आणि फिलिप्सनं १९८२ मध्ये आणलेलं आय-टू-सी या जोडणीच्या पद्धती हेच करतात, आणि एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी ते उत्तम आहे. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. घड्याळाची तारच नाही. दोघांनी वेग आधी ठरवायचा आणि मग ज्यानं त्यानं स्वतःच्या घड्याळाकडे बघायचं. तुमचा ९६००, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, हा तो करार.

हा करार कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये एमिल बोदो यांनी पाच बिटांची तारयंत्रणा बनवली. तिच्यात पाच कळा दाबणाऱ्या माणसाला यंत्राच्या ठेक्यावरच हात चालवावा लागे. ठेका चुकला की अक्षर गेलं. वेगाचं बॉड हे एकक (आपल्या तारेवर सेकंदाला एक बिट म्हणजे एक बॉड) त्यांच्याच नावावरून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिप्रिंटरवाल्यांनी, म्हणजे तारेवरून टाइप करणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी, माणसाची या ठेक्यातून सुटका केली. प्रत्येक अक्षराआधी 'आता सुरू' आणि अक्षरानंतर 'आता थांब' अशी खूण जोडली. तेच आपले स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ ला तर दोन स्टॉप बिट लागत, कारण आतल्या यंत्राला जागेवर यायला तेवढा वेळ हवा असे. अक्षरामागे ११ बिट, सेकंदाला १० अक्षरं, म्हणून ११० बॉड.

काहीच चाललेलं नसतं तेव्हा तार वर, म्हणजे एकवर असते. का बरं? तारेच्या जमान्यात रिकाम्या लाइनमध्येही प्रवाह सोडून ठेवत, म्हणजे कुठे तार तुटली तर ताबडतोब कळे. तुमच्या कीबोर्डवर 'ब्रेक' लिहिलेली एक कळ असते ना, जी कुणीच कधी दाबत नाही? टेलिप्रिंटरवर ती कळ खरोखर लाइनचा प्रवाह तोडायची.

आता इंग्रजी मोठा ए पाठवू. त्याचा आकडा ६५, बिटांत ०१०००००१. आधी तार खाली येते, हा स्टार्ट बिट. मग सर्वांत लहान, म्हणजे उजवीकडचा, बिट आधी, या नियमानं १, ०, ०, ०, ०, ०, १, ०. शेवटी तार वर, स्टॉप बिट. आठाचे दहा झाले. म्हणून ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, १२०० नव्हे.

घेणारी चिप काय करते, ते बघण्यासारखं आहे. ९६०० वर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. चिप साधारणपणे त्याच्या सोळापट वेगानं तारेकडे बघत असते. तार खाली आली की ती अर्धा बिट थांबते, म्हणजे स्टार्ट बिटच्या बरोबर मध्यावर येते, आणि तिथून दर बिटाच्या मध्यावर एकदा डोकावते. घड्याळ थोडं पुढेमागे असेल तर चूक साठत जाते. स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात आणि तोवर चूक अर्ध्या बिटाच्या आत राहिली पाहिजे. हिशेब केलात तर दोन्ही बाजूंची मिळून पाच टक्के सूट निघते. व्यवहारात प्रत्येकानं दोन टक्क्यांच्या आत राहावं. नवं अक्षर आलं की नवा स्टार्ट बिट, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून. घड्याळं अचूक नसली तरी चालावं, यासाठीच ही सगळी रचना आहे.

आता ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप, म्हणजे एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर, शिकणाऱ्यांना एक कोडं सुटेल. त्या बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र क्रिस्टल, म्हणजे चिपला ठेका देणारा भाग, का असतो? चिपच्या आत होतं तसं या आकड्याला १२ नं आणि मग ३२ नं भागा, २८,८०० येतात. त्याला ३ नं भागलं की ९६००, नेमके. गोल १२ मेगाहर्ट्झ घेतलात तर त्याच हिशेबात जवळात जवळ १०,४१६ येतात. साडेआठ टक्के चूक! पडद्यावर नुसता कचरा.

व्होल्टेजबद्दल थोडक्यात. १९६० साली आलेल्या आरएस-२३२ या जोडणीच्या मानकात एक म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि शून्य म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. ती तार थेट मायक्रोकंट्रोलरच्या पायाला लावू नका, चिप जळेल. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स-२३२ सारखी चिप घाला.

(श्रोत्यांतून प्रश्न: यूएसबी आल्यावर हे शिकायचं कशाला?)

कारण हे कुठेही गेलेलं नाही. जीपीएस मॉड्यूल, राउटरचा कन्सोल, सगळीकडे हेच आहे. कारखान्यात यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी नावाच्या कंट्रोलरपासून मोटरच्या ड्राइव्हपर्यंत मॉडबस हा संदेशांचा नियमसंच चालतो, तो १९७९ चा. त्याच्याखाली अनेकदा आरएस-४८५ ही तारांची जोडणी असते, आणि आरएस-४८५ मध्ये वाहतात तेच स्टार्ट-स्टॉप बिट, फक्त पिळलेल्या दोन तारांमधल्या फरकावर. कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जातं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत नोकरी धरलीत तर पहिल्या आठवड्यात भेट होईल.

(प्रश्न: कचरा दिसला तर सुरुवात कुठून करायची?)

काहीच दिसत नसेल तर आधी तारा बघा. एकाचा टीएक्स (पाठवणारा पाय) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पायाला) गेलाय ना, आणि दोघांचं ग्राउंड एक आहे ना. ग्राउंड विसरणारे फार. कचरा दिसत असेल तर बहुधा वेगाचा घोळ असतो. पाठवणाऱ्याकडून इंग्रजी मोठा यू सलग पाठवत राहा. त्याचे बिट एकाआड एक असतात आणि स्टार्ट-स्टॉप धरूनही तसेच राहतात, त्यामुळे ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तारेवरचं व्होल्टेज पडद्यावर काढून दाखवणाऱ्या यंत्रावर, सारख्या पायऱ्या दिसतात. एका पायरीची रुंदी मोजा. १०४ मायक्रोसेकंद असेल तर ९६००, २६ असेल तर ३८,४००, पावणेनऊच्या आसपास असेल तर १,१५,२००.