डिचोलीतलं जुनं घर आणि मे महिन्यातलं काम

नमस्कार श्रोतेहो! आज गोव्यातल्या डिचोलीतल्या एका जुन्या घराबद्दल बोलायचंय. घर कुणा संस्थानिकाचं नाही, टुरिस्टांच्या बसेस तिथे थांबत नाहीत. मालक मंडळी मुंबईला स्थायिक झाली, किल्ली शेजारी ठेवून गेली, आणि तेव्हापासून वाड्यावरच्या, म्हणजे त्या वस्तीतल्या लोकांनीच ते सांभाळलंय.

पुढे लांब वसरी, म्हणजे ओसरी, मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक, त्यात तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी खोल्या. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांची तावदानं आहेत, एकेक शिंपला चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवलेला, भर दुपारीसुद्धा आत येणारा उजेड डोळ्यांना टोचत नाही. हे काम येणारा सुतार आता शोधूनही पटकन मिळत नाही, म्हणून जुनी तावदानं लोक जिवापाड जपतात.

मला सगळ्यात जवळची वाटते ती वसरी. ५ ऑक्टोबर १९१०ला पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले, मग गावोगावी मराठी शाळा आणि वाचनालयं निघाली. आमच्या या वसरीतही तेव्हा मुलं बसायची असं वाड्यावरची जुनी माणसं सांगतात, फळा टांगायच्या दोन खुंट्या भिंतीत अजून आहेत, रंगकाम करताना त्यांना कोणी हात लावू देत नाही. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याच्या राजवटीत सभा, वर्तमानपत्रं सगळ्यावर सेन्सॉर बसला, तो थेट १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत.

पण खरं सांगू का, हे घर टिकलं ते मे महिन्यातल्या कामामुळे. आपल्याकडे चार महिन्यांत जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, एक कौल सरकलं तरी वासा कुजायला लागतो आणि मग वाळवी आलीच. म्हणून दरवर्षी पावसाच्या आधी वाड्यावरची पोरं छपरावर चढून कौलं चाळतात, फुटकी काढतात, खालून बायका चांगली कौलं हातोहात वर देतात, पावसाच्या बाजूच्या भिंतीला माडाची विणलेली चुडतं, म्हणजे झावळ्या, बांधतात, वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. गिलावा चुन्याचाच. सिमेंट लावा म्हणणारे खूप भेटतात, पण चिरा पाणी पितो आणि ते त्याला बाहेरही सोडावं लागतं, सिमेंटने ओल आतच अडकते आणि भिंत आतून पोखरते, हे आमच्या गवंड्याने सगळ्यांना इतक्यांदा समजावलंय की आता शाळकरी पोरंही सांगतात.

आणि घर बंद ठेवत नाहीत हं! चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिथे माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांनी सजवलेली चौकट. चौकट जुनीच, सागवानी, तिला सुपारीचे घोस, रानातली फळं, सगळं आदल्या दिवशी लोक आपापल्या कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून आणतात. माणसांचा वावर असला की गळती लगेच लक्षात येते.

यंदा एक अडचण आहे. छपरावर जुनी मंगळुरी कौलं आहेत, प्रत्येकावर कारखान्याचा छाप, आणि एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. तेव्हा कुणी जुनं घर पाडत असेल, किंवा परसात जुनी कौलं रचून ठेवलेली असतील, तर फेकू नका, छाप बघा आणि आम्हाला कळवा, टेम्पो घेऊन आम्ही येतो. काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतंय, सकाळी लवकर, उन्हाच्या आधी.