अंगठा आणि साठ पट वेग

नमस्कार श्रोतेहो. मोबाइलवर सिनेमा पुढे सरकवताना पट्टीच्या वर छोटं चित्र पळताना दिसतं ना? तो पळणारा सिनेमा नसतोच. समजा दर 10 सेकंदांना एक बारीक फोटो आधीच काढून ठेवलाय. दोन तासांच्या सिनेमाचे झाले 720. बोट सरकतं तसे ते पालटतात. पुन्हा सांगतो, सिनेमा पळत नाही, फोटो पालटतात.

कारण साधं आहे. सेकंदाला 25 चित्रं धरली, तर 16 पट वेगाला 400 चित्रं उलगडावी लागतील. त्यात पूर्ण चित्र साधारण दोन सेकंदांना एकच. बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढंच. म्हणून टीव्हीवर रिमोटने पळवताना बरेच प्लेअर नुसती पूर्ण चित्रंच मागवतात. ॲपलच्या एचएलएस या इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीत त्यांची वेगळी यादीच देता येते.

आता टिव्होची गंमत ऐका. 1999 साली अमेरिकेत टिव्हो नावाचा डबा आला, कार्यक्रम हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारा. लोक अर्थातच जाहिराती पळवायचे. कार्यक्रम दिसला, अंगठा बटणाकडे निघाला, तोवर गाडी स्टेशन सोडून पुढे! 60 पट वेगात अर्धा सेकंद उशीर म्हणजे 30 सेकंद हुकले. मग मागे घ्या, जास्तच मागे जाणार, परत पुढे. टिव्होवाल्यांनी अंगठ्याचा हा आळस हिशोबात धरला. पळवताना प्ले दाबलं की डबा आपणहून थोडा मागे येऊन सुरू व्हायचा. शिवाय एक छुपी किल्ली होती: सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, तीन, शून्य, सिलेक्ट. ओळीने दाबलं की रिमोटचं एक बटण थेट 30 सेकंदांची उडी मारू लागायचं. 30 सेकंद, म्हणजे बरोबर एक जाहिरात! लोकांनी एकमेकांना सांगून ती पसरवली.

आणि आजचे रिमोट बघा. ॲपांच्या नावांची चार-चार बटणं, पुढे पळवायचं मात्र कित्येकांवर गायब. असो.

उडीनंतर चित्र धूसर का दिसतं? व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. उडी आधी उतरवलेल्या साठ्यापलीकडे गेली की तो साठा वाया. मग झटपट सुरू व्हावं म्हणून बरेच प्लेअर पहिला तुकडा हलक्या दर्जाचा मागवतात. तेव्हा लांब जायचं असेल तर 10 सेकंदांचं बटण बारा वेळा टकटकवू नका. पट्टीवर बोट धरा, फोटो बघत सरकवा, एकदाच सोडा. दोन सेकंद अलीकडेच सुरू झालं, तर प्लेअरने जवळचं पूर्ण चित्र गाठलंय एवढंच.