पानाच्या बेचक्यातला संसार

श्रोतेहो, नमस्कार.

गोड्या पाण्यातला खेकडा कुठे राहतो, असं विचारलं तर तुम्ही सांगाल, ओढ्यात, दगडाखाली. बरोबर आहे. नदीकाठच्या बिळात राहतो, गुहेत राहतो, केरळात तर झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यातही राहतो. जगात त्याच्या 1,300 च्या आसपास जाती आहेत. आशिया, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण युरोप, उत्तर ऑस्ट्रेलिया, मध्य आणि दक्षिण अमेरिका. थंड मुलखाशी त्याचं जमत नाही.

समुद्री खेकड्याच्या अळ्या पाण्याबरोबर लांबवर वाहत जातात. याच्या अंड्यातून मात्र थेट इवलासा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाला बिलगून राहतो. पुन्हा सांगतो, अळी नाही, थेट खेकडा. वाहून जाणंच नाही, त्यामुळे एका डोंगरावरची जात पलीकडच्या डोंगरावर भेटेलच असं नाही.

आणि टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, हा विनोद आता पुरे करा बुवा! टोपलीत कोंडलं तर आपण तरी कसे वागू?

तर जमैकातली गोष्ट. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांत पाऊस पडतो नि जमिनीत मुरून जातो. पाणी उरतं ते अननसाच्या कुळातल्या झुडपांच्या पानांच्या बेचक्यांत. तिथे जेमतेम दोन सेंटिमीटरची एक खेकडी पिल्लं वाढवते. रुडॉल्फ डीझल नावाच्या जीवशास्त्रज्ञाने 1989 च्या सुमारास तिचा संसार निरखला. (इंजिनवाले डीझल वेगळे!) पानं कुजून पाणी आंबट होतं, प्राणवायू घटतो. ही बाई आधी कचरा उपसून बाहेर टाकते. मग गोगलगायींचे रिकामे शंख शोधून आणते आणि पाण्यात सोडते. शंख म्हणजे चुनाच की! आंबटपणा मरतो, पिल्लांच्या कवचाला कॅल्शियम मिळतं. टाचणी नावाच्या चतुरासारख्या किड्याची अळी पिल्लं खायला टपलेली असते, तिलाही ही ठार करते. वर झुरळं पकडून पिल्लांना भरवते. आणि हे एकदोन दिवस नाही, महिनोन् महिने.

काटेकोर तज्ज्ञ हिला खऱ्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांत धरत नाहीत, कारण हिच्या अंड्यातून अळीच निघते. निघू दे. त्या अळ्या समुद्राचं तोंडही पाहत नाहीत, त्या बेचक्यातल्या तेवढ्याशा पाण्यातच त्यांचे खेकडे होतात.