आंघोळीची वेळ कोणी ठरवायची?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय फार भारदस्त छापलाय, त्याला घाबरू नका. माझा प्रश्न साधा आहे. ज्या माणसाला रोज दुसऱ्याच्या हातून आंघोळ घालून घ्यावी लागते, त्याची आंघोळ किती वाजता, हे कोणी ठरवायचं? त्याने, घरच्यांनी, आंघोळ घालणाऱ्याने, की पैसे देणाऱ्याने?

मी न्यू जर्सीत काही वर्षं हेच काम केलं. सरकारी मदतीवर घरी राहणाऱ्या वृद्धांना आणि अपंगांना आपली सेवा आपण कशी ठरवायची, यासाठी मदत करणारी सल्लागार म्हणून. म्हणून आधी तिकडचं सांगते आणि मग आपल्याकडे घरी सांभाळायला ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशींकडे येते.

अमेरिकेत 1965 साली मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना एकाच वेळी आल्या. नावं इतकी सारखी की तिकडचे लोकही गोंधळतात. मेडिकेअर पासष्टीपुढच्यांचा आरोग्यविमा. पण वर्षानुवर्षं रोज कोणी येऊन कपडे बदलून द्यावेत, जेवू घालावं, असल्या खर्चाला ती हात लावत नाही. तो भार मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या योजनेवर. तिथेही सुरुवातीची बरीच वर्षं पैसा मुख्यतः शुश्रूषागृहांकडे, म्हणजे अशा माणसांना कायमचं ठेवून घेणाऱ्या संस्थांकडे जायचा. घरी सेवा मिळालीच तर एजन्सीमार्फत. बाई कोण, ती किती वाजता येणार, काय करणार, सगळं एजन्सी ठरवणार.

आणि काय करणार नाही, तेही! ही यादी मोठी मजेशीर असते. डबीतून गोळी काढून तोंडात द्यायची नाही. मधुमेह असेल तर पायाची नखं कापायची नाहीत. कामाची जागा घर, त्यामुळे देवळात सोबत जायचं नाही. यातल्या काही नियमांमागे कायदा होता, काहींमागे नुसती खटल्याची भीती.

माझ्याकडे एक आजी होत्या, सातारा जिल्ह्यातल्या. मुलाकडे आलेल्या, ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं उलटलेली. त्याआधी मेडिकेडचं दार बहुतेकांना उघडत नाही. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. मुलगा-सून सातला घर सोडणार, एजन्सीची बाई नऊला येणार. आजी पाचला जाग्या. आंघोळ झाल्याशिवाय देवपूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा पन्नास वर्षांचा नेम. साखरेचा आजार असलेली बाई साडेनऊपर्यंत उपाशी. एजन्सीच्या वहीत 'न्याहारी घेण्यास नकार' अशी नोंद. डॉक्टरांना वाटलं भूक मेलीय, मुलाला वाटलं आई हट्टी झालीय. आजींना हवी होती फक्त सहा वाजता येणारी बाई. एजन्सीच्या वेळापत्रकात सहा वाजताच नव्हते.

त्यांनी स्वतःची सेवा स्वतः चालवण्याचा पर्याय घेतला, तेव्हा काय झालं ते नीट सांगते, कारण यातली खरी मेख हिशेबात आहे. आधी तपासणी होते आणि आठवड्याला किती तासांची गरज, ते ठरतं. सोयीचे आकडे घेऊ: वीस तास, तासाला वीस डॉलर. म्हणजे आठवड्याला चारशे. एजन्सीला गेले असते ते हे पैसे आता आजींच्या नावाने बाजूला पडतात. हातात मात्र येत नाहीत. मध्ये एक हिशेबनीस संस्था असते. ती पगार काढते, कर कापते, कामगाराचा विमा भरते. आजी कागदोपत्री मालक. माणूस निवडायचा त्यांनी, वेळ ठरवायची त्यांनी, हजेरीच्या कागदावर सही त्यांची, आणि नाही पटलं तर काढून टाकायचं तेही त्यांनीच. आजींनी शेजारच्या इमारतीतली एक गुजराती बाई ठेवली, तासाला सतरा डॉलरवर. मालकाचा कर धरून आठवड्याला तीसेक डॉलर उरायचे. ते साठवून त्यांनी आंघोळीची खुर्ची आणि हातात धरायचा शॉवर घेतला. योजनेत हे बसतं. ज्याने परावलंबन कमी होईल अशा वस्तूंवर खर्च करता येतो.

'म्हाताऱ्यांच्या हातात पैसे दिले तर लुबाडले जातील' ही शंका तिकडेही होती, आणि सरकारी अधिकाऱ्यांनाच सगळ्यात जास्त होती. म्हणून हे आधी तपासून पाहिलं. आर्कान्सा, न्यू जर्सी आणि फ्लोरिडा अशी तीन राज्यं. आर्कान्सात 1998 च्या डिसेंबरात सुरुवात झाली, बाकीची दोन मागोमाग आली. स्वतःहून नाव नोंदवणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाला नवी पद्धत, दुसऱ्याला जुनीच एजन्सी. औषधाची चाचणी घेतात तशी ही चाचणी.

निकाल असा की नव्या गटातले लोक जास्त समाधानी होते, त्यांच्या अडलेल्या गरजा कमी होत्या, आणि पडणं, अंगाला जखमा होणं असल्या गोष्टी वाढल्या नाहीत, काही बाबतींत कमीच झाल्या. लुबाडणुकीची प्रकरणं अगदी थोडी निघाली. घरच्या सांभाळणाऱ्यांचा ताणही उतरला. खर्चाचं मात्र मला सगळ्यात बोलकं वाटतं. आर्कान्सात घरच्या सेवेवरचा खर्च वाढला. का? तर जुन्या पद्धतीत मंजूर झालेली सेवा कित्येकांच्या दारापर्यंत पोचतच नव्हती. खेड्यापाड्यात एजन्सीला माणसं मिळत नव्हती. लोकांना स्वतः निवडायला सांगितलं तेव्हा त्यांनी भाची, शेजारीण, चर्चमधली ओळखीची बाई शोधून काढली. दुसऱ्या वर्षापर्यंत शुश्रूषागृहांवरचा खर्च घटून ही वाढ बरीचशी भरून निघाली. 2004 पासून आणखी बारा राज्यांना हे सुरू करायला मदत मिळाली.

ही कल्पना अधिकाऱ्यांना सुचलेली नव्हती, हेही सांगायला हवं. एड रॉबर्ट्स नावाचा तरुण. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर लुळं पडलं, रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात झोपायचा. 1962 मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. वसतिगृहात ते यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहिला. त्याने आणि त्याच्यासारख्या मित्रांनी मदतनीस स्वतः निवडले, शिकवले, बदलले. 1972 मध्ये त्यातून अपंगांनी अपंगांसाठी चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मला अंग पुसायला मदत लागते, निर्णय घ्यायला नाही. इंग्लंडमध्ये अपंगांच्या अशाच चळवळीनंतर 1996 मध्ये थेट पैसे देण्याचा कायदा झाला. गंमत म्हणजे तिथे सुरुवातीला पासष्टीपुढच्यांना वगळलं होतं. त्यांना 2000 पर्यंत थांबावं लागलं. म्हातारा माणूस निवड करू शकतो, हे सरकारच्या गळी उतरायला चार वर्षं गेली म्हणायची.

आता दुसरी बाजू. जर्मनीत काळजीविमा आहे, म्हणजे अशा रोजच्या सेवेसाठीचा विमा. घरी राहणाऱ्याला दोन पर्याय: सेवा घ्या किंवा रोख घ्या. रोख बरीच कमी असते. गरजेप्रमाणे श्रेणी ठरते. मधल्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीला 2025 मध्ये सेवा महिन्याला 1,497 युरोंपर्यंत, रोख 599. तरी घरी राहणारे बहुतेक रोखच घेतात, आणि काम घरातलं कोणी करतं. ते 'कोणी' बहुतेक वेळा बाई असते. जपानने 2000 च्या एप्रिलमध्ये असा विमा सुरू केला, तेव्हा याच मुद्द्यावर तिथे मोठा वाद झाला. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या केइको हिगुची यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी रोख रकमेला विरोध केला. पैसे घरात आले की सून कायमची त्या खाटेला बांधली जाईल, वर 'तुला मोबदला मिळतोय ना' हे ऐकून घ्यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. जपानने रोख दिली नाही, सेवाच दिली. या सभागृहातल्या सुनांना हा युक्तिवाद समजावून सांगायची गरज नाही.

मला स्वतःला वाटतं, पैसे देऊन नातेवाईक ठेवायला हरकत नाही, पण बाहेरचा माणूस ठेवण्याइतकी रक्कम असली तरच ती निवड म्हणायची. आणि नातेवाइकाला कामावरून काढणं किती अवघड, ते मी पाहिलंय. भाची उशिरा येते म्हणून तिला नोटीस देणार कोण? दिवाळीला तोंड दाखवायचं असतं.

मधली हिशेबनीस संस्था कोलमडली की सगळंच अडतं, हा दुसरा धोका. न्यू यॉर्कने 2025 मध्ये अशा शेकडो संस्था बंद करून सगळा कारभार एकाच कंपनीकडे दिला. मुदती वाढवाव्या लागल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, कित्येक कामगारांचे पगार रखडले. पगार रखडला की सकाळी बाई येत नाही, आणि खाटेवरचा मालक खाटेवरच राहतो.

आता आपल्याकडे. आपण म्हणू, आम्ही तर आधीपासूनच माणसं स्वतः निवडतो! ब्यूरोला फोन करायचा, बारा तासांची की चोवीस तासांची ते सांगायचं, दुसऱ्या दिवशी मावशी हजर. पुरुषांना मामा. पण फोन कोण करतं? मुलगा, सून, कधी कधी टेक्सासहून लेक. मावशी आल्यावर तिला घर दाखवतात, पगार ठरवतात, आजोबांच्या सवयी आजोबांच्या देखत तिसऱ्याच माणसाला सांगतात. 'त्यांना चहा बिनसाखरेचा.' आजोबा तिथेच बसलेले असतात. जो पैसे देतो तो मालक, आणि ज्याचं अंग पुसायचं तो काम.

कायद्यात आपण मागे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात वैयक्तिक मदतनिसासह घरच्या सेवांचा उल्लेख आहे. चोविसाव्या कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता आहे, अडतिसाव्या कलमात अशा आधारासाठी अर्ज करायची तरतूद आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत महिन्याला 600 रुपये मिळतात, तेही सांभाळणाऱ्याला. 600 रुपयांत मावशी दोन दिवसही येणार नाही. भत्ता खाटेवरच्या माणसाच्या नावाने आणि माणूस ठेवता येईल इतका हवा, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लावून धरायला पाहिजे. आपण वाचनालयाच्या पंख्यासाठी निवेदनं देतो, एक यासाठीही देऊ.

आणि घरात आजपासून करता येईल ते असं. नवी मावशी आली की तिची पहिली बोलणी खाटेवरच्या माणसाशी होऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा. ती उद्या आली नाही तर कोणाला बोलवायचं, ते नाव त्यालाच विचारून ठेवा. वाचा गेली असेल तर दोन वस्तू समोर धरा, डोळ्यांनी निवडू द्या. स्मृतिभ्रंश असेल तर त्याच्या वतीने बोलणारा एक माणूस आधीच ठरवा. तो पगार घेणारा नसावा. न्यू जर्सीतही हाच नियम होता. आणि मावशीला आठवड्याची सुटी द्या हो. ती थकली की आंघोळीची वेळ तिच्या सोयीने सरकते.