उकळलेला मध, उपाशी पेटी

महाबळेश्वरच्या पठारावर जूनमध्ये पाऊस कोसळू लागला, की सातेरी मधमाश्यांना दिवसच्या दिवस पेटीबाहेर पडता येत नाही. अशा वेळी मधपाळ झाकण उचलून आत खाद्याची वाटी ठेवतो. माश्या बुडू नयेत म्हणून त्या वाटीत टाकलेल्या या गवताच्या काड्या पाहा.

काही जण या वाटीत जुना, तापवलेला मध ओततात. मधमाशीला मध चालणारच, हा समज स्वाभाविक असला तरी धोक्याचा आहे.

सातेरीच्या मधात पाण्याचा अंश बराच असतो आणि तो आंबू नये म्हणून तापवावा लागतो. इथे मधाचे भांडे गरम पाण्यात ठेवले आहे. मध हळूहळू पातळ होतो, मेणाचे कण व फेस वर येतो, आणि ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच भांडे बाहेर काढून मध फडक्यातून गाळला जातो. पलीकडच्या चुलीवर मात्र पातेले थेट जाळावर आहे. त्यातला मध काळपट होत चालला आहे. मध मुळात आम्लधर्मी असल्याने उष्णतेने त्यातील फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, म्हणजे एचएमएफ, हे माश्यांना बाधणारे रसायन तयार होते. मध जितका अधिक आणि जितका वेळ तापेल तितके ते वाढते, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली साठवलेल्या डब्यातही ते साचत राहते. उष्ण प्रदेशातील मधासाठी किलोमागे ८० मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, पण ती माणसाच्या खाण्यासाठी ठरवलेली आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात किलोमागे ३० मिलिग्रॅम एचएमएफ असलेले खाद्य माश्यांना बाधले नाही. १५० मिलिग्रॅमच्या खाद्यावर मात्र वीस दिवसांत निम्म्याहून अधिक माश्या मेल्या.

तापवल्याने रोग जातो, हेही खरे नाही. अमेरिकन फाउलब्रूड या मधमाशीच्या अळ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत.

म्हणून हा मधपाळ पाणी उकळून पातेले खाली उतरवतो, मगच त्यात तितकीच पांढरी साखर विरघळवतो. लिंबू पिळत नाही, गूळ घालत नाही. पाक निवल्यावर, दिवस मावळताना, तो वाटी आत सरकवतो. सकाळी झाकण उघडले, तेव्हा वाटीत फक्त काड्या होत्या.