लिअँडर पेस: एकेरीतला साधा, जोडीतला अजिंक्य

(दृश्य: मिरामार, गास्पार दियश क्लबचं टेनिस कोर्ट, संध्याकाळ)

गोव्यात पोराच्या पायाशी आधी येतो तो फुटबॉल. टेनिस इथे जुनं आहे, पण क्लबांच्या कुंपणाबाहेर फारसं उतरलं नाही. तरीही भारतीय टेनिसचा विषय निघाला की गोवेकर हक्कानं म्हणतो, ‘पेस आमचो!’

हा हक्क वडिलांकडून येतो. डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, हॉकीत मधल्या फळीत खेळणारे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. आई जेनिफर बास्केटबॉल खेळणाऱ्या, भारताच्या कर्णधार. लिअँडरचा जन्म मात्र कोलकात्याचा, १७ जून १९७३ चा. टेनिसचे धडे मद्रासच्या अमृतराज अकादमीत गिरवले आणि १९९० मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद मिळवलं.

पुढची वाट सोपी नव्हती. सर्व्हिस तोफेसारखी नव्हती, बॅकहँड बहुतेकदा कापूनच मारायचा. व्यावसायिक एकेरीत तो कधी ७३ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. पण छातीवर तिरंगा आला की हाच खेळाडू वेगळा दिसायचा. १९९३ मध्ये फ्रान्सच्या फ्रेजूस गावात, फ्रेंचांच्या लाडक्या लाल मातीवर, त्यानं आंरी लकाँत आणि आर्नो बोएच या दोघांनाही हरवलं. भारत डेव्हिस कपच्या, म्हणजे देशादेशांमधल्या सांघिक टेनिस स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोहोचला. दोन वर्षांनी दिल्लीच्या हिरवळीवर क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचविरुद्ध पहिले दोन सेट गमावून तो सामना जिंकला. लिअँडरची खरी उंची मोजायची तर हेच सामने आधी बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: अटलांटा, १९९६)

अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारीवर नव्हे तर खास निमंत्रणावर, प्रवेश मिळाला होता. उपांत्य फेरीत समोर अमेरिकेचा आंद्रे अगासी. पहिला सेट टायब्रेकपर्यंत (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत) खेचला, सामना हातून गेला आणि उजवं मनगटही दुखावलं. ३ ऑगस्टला, त्याच मनगटानं, कांस्यपदकासाठी ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीशी गाठ. पहिला सेट ३-६ असा गेला. मग ६-२, ६-४. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकल्यानंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी ४४ वर्षं थांबावं लागलं होतं. आणि पेसांच्या घरात आता ऑलिंपिकची दोन कांस्यपदकं झाली, एक बापाचं, एक लेकाचं.

खरं घर मात्र त्याला दुहेरीत सापडलं. जोडीदार सर्व्हिस करतोय, लिअँडर नेटपाशी किंचित वाकलेला, एक हात पाठीमागे. बोटांनी खूण होते: आडवा जाणार की जागेवर थांबणार. समोरच्यानं परतवलेला चेंडू नेट ओलांडतो न ओलांडतो तोच हा तिरका झेपावतो आणि टप्पा पडण्याआधीच मारलेली व्हॉली मोकळ्या जागेत टाकतो. ताकद लागतच नाही. लागते ती नजर, आणि जोडीदाराचा पुरता विश्वास.

१९९९ मध्ये महेश भूपतीबरोबर चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसमधल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांच्या, अंतिम फेऱ्या गाठल्या. फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकल्या. दोघांचं पुढे बिनसलं, त्याची चर्चा भरपूर झाली आहे, इथे ती नको. २००३ मध्ये मार्टिना नवरातिलोवाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. त्याच वर्षी मेंदूत गाठ असल्याची शंका आली. निघाला परजीवी संसर्ग. औषधोपचार घेऊन तो परतला. चाळिशीत राडेक स्टेपानेकबरोबर अमेरिकन ओपन, मग मार्टिना हिंगीसबरोबर मिश्र दुहेरीत चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या. ग्रँड स्लॅम विजेतेपदं एकूण १८: पुरुष दुहेरीत ८, मिश्र दुहेरीत १०. शिवाय १९९२ ते २०१६ सलग सात ऑलिंपिक.

(दृश्य: तियानजिन, एप्रिल २०१८)

चीनविरुद्ध डेव्हिस कप. भारत ०-२ पिछाडीवर. रोहन बोपण्णाबरोबर ४४ वर्षांचा लिअँडर दुहेरीला उतरतो. पहिला सेट जातो, पुढचे दोन्ही टायब्रेकवर जिंकले जातात. डेव्हिस कपमधला दुहेरीतला हा त्याचा ४३ वा विजय, इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा विक्रम मोडणारा. त्याच दिवशी भारत ती लढतही ३-२ अशी जिंकतो.